विश्लेषण : विंचवाच्या दंशात जीव घेते ते आपल्याच शरीरातले रसायन, महाडचा धडा गोराईला का हवा?

बोरिवलीहून गोराई गावात जायचे तर आधी खाडीच्या जेट्टीपर्यंत बस किंवा रिक्षा, मग बोट, मग पलीकडे उतरून पुन्हा रिक्षा. बोट नको असेल तर भाईंदर-उत्तनमार्गे मोठा वळसा. पत्ता मुंबईचाच, पण आजूबाजूला कांदळवन, वाड्या, पाडे, शेतजमीन आणि समुद्र. पॅगोडा पाहायला येणाऱ्या पर्यटकाला ही बोट म्हणजे सहलीचा भाग वाटते. रात्री अंथरुणात विंचू चावलेल्या मुलाच्या आईवडिलांना मात्र तीच खाडी फार रुंद वाटेल.

विंचू हा मुंबईचा विषय नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात गोरेगावच्या आरे वसाहतीत सापडलेल्या विंचवाच्या एका प्रजातीचे नावच ‘लायकस आरेयेन्सिस’ असे आहे. २०१० मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली. ही प्रजाती माणसासाठी घातक म्हणून ओळखली जात नाही. पण उपनगरांच्या कडेला जिथे झाडी, दगड, पालापाचोळा आणि जुन्या भिंती उरल्या आहेत, तिथे विंचूही उरले आहेत, एवढे त्यावरून कळते. खरा घातक आहे तो कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात आढळणारा लाल विंचू. त्याच्यावरचा जगाने मान्य केलेला उपाय मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये सापडला. या उपायामागचे शास्त्र आहे पेशींच्या संदेशवहनाचे. बारावीच्या पुस्तकात आकृती काढून विसरून जायचे, तेच.

विंचवाचे विष नेमके काय करते?

आकाराने मोठा, काळा विंचू पाहून छाती धडधडते. पण तो सहसा जीवघेणा नसतो. धोका असतो त्याच्यापेक्षा लहान, तांबूस रंगाच्या विंचवापासून. शास्त्रज्ञ त्याला ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ म्हणतात (जुन्या वैद्यकीय लेखांत ‘मेसोब्युथस टॅम्युलस’ हे नाव दिसते). उन्हाळ्याचे महिने आणि भातकापणीचा सुमार या काळात कोकणात त्याचे दंश वाढतात, कारण तेव्हा माणसांचे हात गवत, पेंढा आणि दगडांत असतात.

या विंचवाचे विष मांस सडवत नाही आणि रक्तही गोठवत नाही. ते चेतापेशींच्या एका बारीक दारावर काम करते. चेतापेशीच्या आवरणात सोडियमच्या कणांसाठी दारे असतात. संदेश आला की दार उघडते, सोडियम आत शिरतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात दार आपोआप लागते. विंचवाच्या विषातली छोटी प्रथिने या दाराला पाचर मारतात. दार लागतच नाही, आणि चेतापेशी काही कारण नसताना संदेश पाठवत सुटते.

सर्वाधिक फटका बसतो तो हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, आतडी यांना चालवणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेला. सुरुवातीला ॲसिटिलकोलिन या रसायनाचा जोर असतो. उलट्या होतात, लाळ गळते, दरदरून घाम सुटतो, पुरुषांमध्ये वेदनादायक लिंगताठरता येते. (संत एकनाथांच्या विंचवाच्या प्रसिद्ध भारुडातही अंगाला घाम सुटल्याचा उल्लेख आहे. भारुडातला विंचू काम-क्रोधाचा असला तरी लक्षण अचूक टिपलेले आहे.) त्यानंतर येते खरी लाट. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि चेतांची टोके यांतून ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन रक्तात ओतले जाते, थोडेथोडके नव्हे, पुराच्या पाण्यासारखे.

वाघ समोर आला तर पळायला मदत करणारे हेच ते रसायन. फरक एवढाच, की वाघ गेला की ते ओसरते. इथे दार लागलेलेच नसल्यामुळे वाघ जातच नाही. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, तळवे बर्फासारखे थंड पडतात, रक्तदाब चढतो. इमारतीचा पंप सुरू ठेवून वरचा व्हॉल्व्ह बंद केला तर पंपाचे जे होते, ते हृदयाचे होते. ते आवळलेल्या नळ्यांविरुद्ध जोर लावत राहते, थकते, आणि मग रक्तातले पाणी मागे फुप्फुसांत साचू लागते. रुग्णाला धाप लागते, गुलाबी फेस येतो. हे सगळे काही तासांत घडू शकते.

म्हणजे विष विंचवाचे असले, तरी घाव घालते ते मुख्यतः आपल्याच ग्रंथींनी सोडलेले रसायन. ही एक गोष्ट समजली की उपचारांचा सगळा विचार बदलतो.

संदेश पेशीत शिरत नाही, मग काम कसे करतो?

पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थांचे असते. ॲड्रेनलिन पाण्यात विरघळणारे. ते या आवरणातून सहज आत जाऊ शकत नाही. गोराईच्या माणसाला हे चटकन कळेल. निरोप्या जेट्टीपर्यंत येतो, खाडी ओलांडत नाही. निरोप जेट्टीवर दिला जातो आणि पलीकडची माणसे तो पुढे नेतात.

पेशीवरची ही जेट्टी म्हणजे रिसेप्टर. ॲड्रेनलिनचा रिसेप्टर हे पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेले एक लांबलचक प्रथिन आहे. बाहेरच्या टोकाच्या खोबणीत ॲड्रेनलिन बसले की प्रथिनाचा आकार किंचित वळतो. तो बदल आतल्या बाजूला जाणवतो, तिथे चिकटून असलेले ‘जी प्रथिन’ सुटते आणि पुढच्या रसायनांना कामाला लावते. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीत या साखळीचा शेवट कॅल्शियम वाढण्यात होतो, आणि कॅल्शियम वाढले की स्नायू आवळतो. साखळीच्या प्रत्येक पायरीवर संदेश मोठा होत जातो, म्हणून बाहेरच्या मोजक्या रेणूंनी आत एवढा गदारोळ उडतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. ॲड्रेनलिन रक्तातून सगळीकडे जाते, पण त्याचा अर्थ प्रत्येक पेशी वेगळा लावते. त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत ते ‘अल्फा’ रिसेप्टरवर बसते आणि वाहिनी आवळते. हृदयात ‘बीटा’ रिसेप्टरवर बसते आणि ठोके वाढतात. श्वासनलिकेत दुसऱ्या प्रकारच्या बीटा रिसेप्टरवर बसते आणि नळी चक्क सैल होते. दम्याच्या पंपातले सालब्युटामॉल हेच काम करते. एकच फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर जावा आणि प्रत्येक ग्रुपने त्याचा निराळा अर्थ काढावा, तसे.

संदेशाचा अर्थ पाठवणाऱ्याकडे नसून घेणाऱ्याकडे असतो, ही कल्पना विज्ञानालाही सहज पटलेली नाही. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी १९०५ मध्ये पेशीत ‘ग्रहण करणारा पदार्थ’ असला पाहिजे, असे मांडले. अमेरिकेतील रेमंड अलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये अल्फा आणि बीटा अशी विभागणी सुचवली, तेव्हा एका नामांकित नियतकालिकाने तो लेख नाकारला होता. हे रिसेप्टर प्रत्यक्षात कसे दिसतात आणि कसे चालतात हे उलगडणाऱ्या रॉबर्ट लेफकोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते २०१२ मध्ये. आज वापरातल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधे याच कुळातल्या रिसेप्टरांवर काम करतात.

बिरवाडीतून ‘लॅन्सेट’पर्यंत

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले. वैद्यकीय शिक्षण नागपूरला झाले. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाने माणसे दगावणे हा तिथे नशिबाचा भाग मानला जात होता. उपलब्ध उपचार म्हणजे वेदनाशामक, ॲलर्जीची औषधे, स्टेरॉइड. रुग्ण तरीही मरत होते.

बावस्करांनी केले ते दिसायला साधे होते. ते रुग्णाजवळ बसून राहिले आणि लिहीत गेले. उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, पाय कधी गार पडले, नाडी कधी बिघडली. दंशानंतरची कोणती लक्षणे पुढच्या हृदयविकाराची आधीच सूचना देतात, हे सांगणारे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी करून ते कोकणातच परतले.

लक्षणांचा हा क्रम नीट पाहिला की त्यात अल्फा रिसेप्टरची सही दिसते. गार पाय, चढलेला रक्तदाब, फुप्फुसात पाणी. मग तो रिसेप्टरच अडवला तर? रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध परिणामकारक होते. पण ते सलाइनमधून, सतत रक्तदाब मोजत द्यावे लागते. ग्रामीण रुग्णालयात ते रोज कसे जमणार? त्या वेळी उच्च रक्तदाबासाठी एक गोळी बाजारात होती, प्राझोसिन. ती नेमकी अल्फा-१ रिसेप्टरवर जाऊन बसते.

प्राझोसिन तिथे बसून काय करते, हे समजण्यासाठी सकाळचा चहा आठवावा. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन साठते आणि थकल्याचा निरोप देते. चहातले कॅफिन त्याच्या रिसेप्टरवर जाऊन बसते आणि स्वतः काहीच करत नाही; फक्त जागा अडवते. थकवा गेलेला नसतो, त्याचा निरोप पोहोचलेला नसतो. प्राझोसिन हेच रक्तवाहिनीवर करते. रक्तात ॲड्रेनलिनचा पूर असतो, पण जेट्टीवर जागा नसते. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो.

हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांमधला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आला. नवे औषध शोधलेले नाही, नवे यंत्र घेतलेले नाही. रक्तदाबाची एक स्वस्त गोळी योग्य रिसेप्टरला लावली. केंद्र सरकारने हिंमतरावांना पद्मश्री दिली ती २०२२ मध्ये, म्हणजे ‘लॅन्सेट’मधल्या पहिल्या नोंदीनंतर ४० वर्षांनी. सन्मानाला उशीर झाला तर एक वेळ चालेल. पण ही माहिती दर दवाखान्यात पोहोचायलाही तेवढाच वेळ लागणार असेल, तर ते परवडणारे नाही.

प्रतिविष आहे ना, मग गोळी कशाला?

सापासाठी असते तसे लाल विंचवासाठीही प्रतिविष आहे. मुंबईतच, परळच्या हाफकिनच्या कंपनीने ते घोड्यांच्या रक्तापासून तयार केले. मग प्रतिविष दिले की झाले, असे वाटणे साहजिक आहे.

प्रतिविष रक्तातले विष पकडते. पण तोवर ॲड्रेनलिन सुटलेले असते, आणि सुटलेल्या ॲड्रेनलिनला प्रतिविष हात लावत नाही. चोर पकडला म्हणून घरात लागलेली आग विझत नाही. दुसऱ्या बाजूने, प्राझोसिन आग आटोक्यात ठेवते, पण विष शरीरात असेपर्यंत नवे ॲड्रेनलिन येतच राहते. त्यामुळे दोन्हींना काम आहे.

बावस्कर दाम्पत्याने महाडमध्ये ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले; फक्त प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. बरे होण्याचा सरासरी वेळ ८ तास विरुद्ध १७.७ तास. ज्यांनी प्राझोसिन रुजवले त्यांनीच, प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो हे आकड्यांनी दाखवले. ‘गोळी की प्रतिविष’ असे दोन तट पाडणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. मात्र प्रतिविष प्रत्येक छोट्या दवाखान्यात असेलच असे नाही. गोळी तरी असायलाच हवी, आणि ती आधी द्यायला हवी.

चुकीचे दार अडवले तर?

रिसेप्टर ओळखला नाही तर चांगले औषधही घात करते. घाम, लाळ, उलट्या पाहून ॲट्रोपिन द्यावेसे वाटते. ते ॲसिटिलकोलिनचा रिसेप्टर अडवते, घाम थांबतो, रुग्ण बरा दिसू लागतो. पण ॲसिटिलकोलिन हाच हृदयाचा ब्रेक असतो. तो सोडला की ॲड्रेनलिनला मोकळे रान. छाती धडधडते म्हणून बीटा ब्लॉकर दिला तर हृदयाचा जोर कमी होतो आणि रक्तवाहिन्या मात्र आवळलेल्याच राहतात. ॲलर्जीचे इंजेक्शन हिस्टामिनचा रिसेप्टर अडवते. इथे मुख्य संदेश हिस्टामिनचा नाहीच. ही औषधे रागाने किंवा हलगर्जीने दिली जात नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणावर दिली जातात. म्हणूनच आतली साखळी ठाऊक असणे गरजेचे ठरते.

मांत्रिकाचेही इथेच फावते. बहुतेक दंशांत, विशेषतः काळ्या विंचवाच्या, ठणका लागतो आणि दिवसभरात आपोआप उतरतो. तो ‘उतरवला’ याचे श्रेय मंत्राला जाते. दहा जण असे बरे झाले की अकरावा, ज्याचे पाय गार पडत आहेत, तोही आधी तिकडेच नेला जातो.

गोराईत काय हवे?

महाड-पोलादपूरच्या डॉक्टरांनी विंचूदंशाचे रुग्ण इतके पाहिले आहेत की त्यांना पाठ आहे. गोराई महापालिका हद्दीत येते. शहराची आरोग्यव्यवस्था डेंग्यू, लेप्टो, क्षयरोग या हिशेबाने उभी आहे. तिथल्या तरुण डॉक्टरने विंचूदंशाचा गंभीर रुग्ण कधी पाहिलाही नसेल. ग्रामीण भागातला धोका आणि शहरी भागातले प्रशिक्षण, अशा फटीत गोराई, मनोरी, आरेचे पाडे, येऊरच्या पायथ्याच्या वस्त्या सापडतात. मोठ्या रुग्णालयासाठी गोराईकराला बोरिवली, कांदिवली किंवा भाईंदर गाठावे लागते, आणि या आजारात पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. बोटीत बसण्याआधी पहिली मात्रा पोटात जाणे आणि पलीकडे पोहोचल्यावर जाणे, यात मोठा फरक आहे.

धोरणातही विंचू मागे पडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. हे योग्यच झाले. विंचवाला अशी यादी नाही, असा आराखडाही नाही. वेगळा आराखडा येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. सर्पदंशाचे प्रशिक्षण ज्या डॉक्टर-परिचारिकांना दिले जाणार आहे, त्यांनाच त्याच दिवशी आणखी एक तास विंचवासाठी देता येईल.

खाडीपलीकडच्या दवाखान्यात ठेवायच्या वस्तू फार नाहीत. लगेच विरघळणारी साधी प्राझोसिन गोळी हवी. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मिळणारी, दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी इथे कामाची नाही. लहान मुलांसाठी वजनानुसार मात्रा लिहिलेला तक्ता हवा. प्रमाण किलोमागे ३० मायक्रोग्रॅम असे आहे. हे घरी करायचे काम नव्हे. पहिल्या मात्रेनंतर रुग्ण झटकन उठून बसला तर रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून त्याला आडवेच ठेवावे लागते आणि नजर ठेवावी लागते. घरच्यांनी करायचे ते एवढेच की जखम कापायची नाही, घट्ट बांधायची नाही, आणि उलटी, घाम किंवा गार हातपाय दिसले की ठणका किती आहे याची वाट न पाहता निघायचे.

गोळी दर तीन तासांनी पुन्हा दिली जाते. ती कधी थांबवायची हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. डॉक्टर किंवा परिचारिका रुग्णाचे तळपाय हाताने चाचपतात. ते कोरडे आणि उबदार लागले की पुढची मात्रा द्यायची नसते.